बॉबी ऑर यांचा व्यावसायिक हॉकीतील प्रवेश आणि अल्पवयीन खेळाडूच्या हक्काचा प्रश्न (१९४५ ते १९८०) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

हॉकी हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मातीचे वा हिरवळीचे मैदान आणि मेजर ध्यानचंद यांची काठी उभी राहते. कॅनडात मात्र हा शब्द निर्विशेषणाने वापरला जातो तेव्हा त्याचा अर्थ बर्फावरील हॉकी असाच होतो. पायांत स्केट्स बांधून, गोठलेल्या पृष्ठभागावर, रबराच्या चपट्या चकतीने खेळला जाणारा हा खेळ त्या देशात राष्ट्रीय अस्मितेचा विषय आहे. १९९४ मध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय हिवाळी क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला. लहान गावातील गोठलेल्या नदीवर खेळणारा मुलगा एके दिवशी मोठ्या शहरातील व्यावसायिक संघात जातो, ही त्या समाजातील अत्यंत लोकप्रिय कथा आहे.

या कथेत सामान्यतः दोनच गोष्टींना स्थान मिळते. एक मुलाची गुणवत्ता आणि दुसरी त्याच्या आईवडिलांचा त्याग. त्या मुलाच्या भवितव्यावर कायद्याने कोणाचा अधिकार होता, तो अधिकार कोणत्या कागदाने निर्माण झाला आणि त्या कागदावर सही करताना मुलाचे वय काय होते, हे प्रश्न मात्र बाजूला पडतात. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न मध्यवर्ती मानले आहेत. त्यासाठी बॉबी ऑर या जगद्विख्यात खेळाडूच्या व्यावसायिक हॉकीतील प्रवेशाचा आधार घेतला आहे. ऑर यांची निवड करण्याचे कारण असे की, संघांनी मुलांना बालवयातच बांधून ठेवण्याची जुनी पद्धती मावळत असताना आणि नवी पद्धती उदयास येत असताना त्यांचा प्रवेश झाला. त्यामुळे दोन्ही व्यवस्थांचे गुणदोष त्यांच्या एकट्याच्या चरित्रात पाहावयास मिळतात.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडातील अल्पवयीन हॉकीपटूंना व्यावसायिक संघांशी बांधून ठेवणाऱ्या प्रायोजन पद्धतीचे स्वरूप समजून घेणे.
२) बॉबी ऑर यांच्या प्रवासाच्या आधारे या पद्धतीचा कुटुंबावर व खेळाडूवर झालेला परिणाम तपासणे.
३) ड्राफ्ट पद्धती, खेळाडूंचे प्रतिनिधी व खेळाडूंची संघटना यांच्या उदयाने खेळाडूच्या हक्कात कितपत वाढ झाली याचे मूल्यमापन करणे.

गृहीतक :

१९४५ ते १९८० या काळात व्यावसायिक हॉकीत झालेल्या सुधारणांमुळे खेळाडूचे उत्पन्न वाढले. परंतु त्याच्या भवितव्यावरील अधिकार पूर्णपणे त्याच्याकडे आला नाही. तो संघाकडून लीगकडे व काही अंशी प्रतिनिधीकडे हस्तांतरित झाला.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

३ मार्च १८७५ रोजी माँट्रियल येथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झालेला सामना हा आधुनिक बर्फावरील हॉकीचा प्रारंभ मानला जातो. १८९३ मध्ये तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी दिलेला चषक प्रथम प्रदान करण्यात आला. त्या काळी हा खेळ हौशी गृहस्थांचा मानला जाई आणि खेळण्यासाठी पैसे घेणे कमीपणाचे समजले जाई. १९०४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात पहिली उघडपणे व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा अनेक कॅनेडियन खेळाडू तिकडे वळले. पुढे नोव्हेंबर १९१७ मध्ये माँट्रियल येथे नॅशनल हॉकी लीगची (यापुढे 'लीग') स्थापना झाली.

१९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत या लीगमध्ये केवळ सहा संघ होते : माँट्रियल, टोरांटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. यांपैकी चार संघ अमेरिकेतील असले तरी त्यांतील जवळजवळ सर्व खेळाडू कॅनेडियन होते. प्रत्येक संघात सुमारे वीस खेळाडू धरले तरी संपूर्ण लीगमध्ये जेमतेम सव्वाशे जागा होत्या आणि त्या मिळविण्यासाठी सबंध देशातील हजारो मुले धडपडत होती. मागणी व पुरवठा यांतील या विषमतेचा पूर्ण लाभ संघमालकांना मिळाला. एकदा करार केलेला खेळाडू करार संपल्यानंतरही त्याच संघाचा राही. दुसरा संघ त्याच्याशी बोलणी करू शकत नसे. १९५७ मध्ये डेट्रॉइटचे टेड लिंडसे यांनी खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी त्यांना लीगमधील अगदी तळाच्या शिकागो संघाकडे धाडण्यात आले आणि तो प्रयत्न अल्पकाळातच मोडून पडला.

प्रायोजन पद्धती व 'सी फॉर्म' :

प्रौढ खेळाडूची ही स्थिती असताना मुलांची स्थिती याहून वेगळी असणे शक्य नव्हते. लीगचे संघ कॅनडाभर पसरलेल्या ज्युनिअर, म्हणजे वीस वर्षांपर्यंतच्या मुलांच्या, संघांना आर्थिक साहाय्य देत. या साहाय्याच्या बदल्यात तेथील खेळाडूंवर पहिला हक्क त्या व्यावसायिक संघाचा राही. याखेरीज प्रत्येक संघाला आपल्या शहराभोवतीच्या पन्नास मैलांच्या परिघातील खेळाडूंवर विशेष अधिकार होता.

मुलाला वैयक्तिकरीत्या बांधण्यासाठी तीन प्रकारचे छापील नमुने प्रचारात होते. 'ए फॉर्म'वर सही करणारा खेळाडू संघाच्या चाचणी शिबिरास जाण्यास बांधील होई. 'बी फॉर्म'ने काही रकमेच्या मोबदल्यात त्याला करारबद्ध करण्याचा पर्याय संघाला मिळे. 'सी फॉर्म' मात्र सर्वांत कठोर होता. त्यावरील सहीने खेळाडूचे संपूर्ण व्यावसायिक भवितव्य एका संघाच्या स्वाधीन होत असे. त्याने केव्हा, कोठे आणि कोणत्या स्तरावर खेळावे हे संघ ठरवी. खेळाडू अठरा वर्षांखालील असल्यास पालकांची सही घेतली जाई. मुलाचे वय चौदा वर्षांचे होईपर्यंत त्याला असे बांधता येत नसे. त्यामुळे होतकरू मुलाचा चौदावा वाढदिवस ही संघांच्या दृष्टीने महत्त्वाची तिथी ठरे.

या व्यवहारात मिळणारा मोबदला किती क्षुल्लक असे, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. सस्कॅचेवान प्रांतातील गरीब कुटुंबातून आलेले गॉर्डी होव यांनी १९४०च्या दशकात डेट्रॉइट संघाशी करार करताना पगाराखेरीज एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे संघाचे नाव असलेले जॅकेट. पुढे दीर्घकाळ लीगमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम ज्यांच्या नावावर राहिला, त्या खेळाडूची ही मागणी होती. हा प्रसंग बहुधा कौतुकाने सांगितला जातो. परंतु एका बाजूस अनुभवी व्यवस्थापक व दुसऱ्या बाजूस खेड्यातील पोरसवदा मुलगा असा तो व्यवहार होता, हे विसरून चालत नाही.

पॅरी साउंडमधील मुलगा :

रॉबर्ट गॉर्डन ऊर्फ बॉबी ऑर यांचा जन्म २० मार्च १९४८ रोजी ऑन्टारिओ प्रांतातील पॅरी साउंड या जॉर्जियन उपसागराच्या काठावरील लहानशा गावी झाला. पाच भावंडांत ते तिसरे. वडील डग ऑर जवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात कामगार होते. तरुणपणी तेही उत्तम हॉकीपटू होते आणि त्यांना व्यावसायिक संघाच्या चाचणीची संधीही आली होती. परंतु महायुद्धाच्या काळात ते नौदलात दाखल झाले आणि ती संधी हुकली. आई आर्वा घर सांभाळत. हिवाळ्यात सेग्विन नदी व उपसागर गोठला म्हणजे गावातील मुले दिवसभर बर्फावर खेळत. तेथे प्रशिक्षक नसे आणि नियमही फारसे नसत. ज्याच्याजवळ चकती आहे त्याच्याकडून इतरांनी ती हिसकावून घ्यावयाची, एवढाच नियम. चकतीवर ताबा ठेवून वेगाने पुढे जाण्याचे ऑर यांचे कौशल्य या खेळातूनच घडले.

गावातील मुलांच्या संघाला विल्फ्रेड ऊर्फ बको मॅकडोनल्ड यांचे मार्गदर्शन लाभले. ते लीगमधील माजी बचावपटू होते आणि कॅनडाच्या संसदेचे सदस्यही राहिले होते. त्यांनी बॉबीला बचावपटूच्या जागी खेळविले आणि तरीही त्याच्या आक्रमणाच्या स्वाभाविक वृत्तीला मुरड घातली नाही. बचावपटूने मागे राहून केवळ प्रतिस्पर्ध्यांना अडवावे, ही तत्कालीन रूढ समजूत होती. हा निर्णय एका गावातील प्रशिक्षकाने मुलाच्या हिताच्या दृष्टीने घेतला आणि त्याचा परिणाम पुढे या खेळाच्या संपूर्ण तंत्रावर झाला.

१९६१च्या वसंतात गॅनानोक या गावी मुलांचे सामने सुरू होते. बॉस्टन ब्रुइन्स संघाचे वरिष्ठ अधिकारी प्रत्यक्षात दुसऱ्याच दोन खेळाडूंना पाहण्यास आले होते. परंतु त्यांचे लक्ष प्रतिपक्षातील एका किरकोळ अंगकाठीच्या मुलाकडे गेले. तो मुलगा बॉबी ऑर होता आणि त्या वेळी त्याचे वय तेरा वर्षांचे होते. त्या काळात बॉस्टनचा संघ लीगमध्ये तळाशी होता आणि त्याला भविष्याची आशा देणाऱ्या खेळाडूची नितांत गरज होती. संघाचे प्रतिनिधी रेन ब्लेअर यांनी त्यानंतर पॅरी साउंडला वारंवार भेटी दिल्या. बॉस्टन संघाने गावातील मुलांच्या हॉकीसाठी प्रतिवर्षी एक हजार डॉलरची देणगी सुरू केली. लीगमधील अन्य संघांनाही या मुलाची कुणकुण लागली होती. परंतु ऑर कुटुंबाशी सातत्याने संबंध ठेवणारे ब्लेअर त्यांत पुढे राहिले.

१९६२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, बॉबीच्या 'सी फॉर्म'वर सही झाली. मोबदल्यात काही रोख रक्कम मिळाली आणि घराच्या बाहेरील भिंतींना नवा गिलावा करून देण्याचे ठरले. कामगाराच्या कुटुंबाला घराचा गिलावा ही लहान गोष्ट नव्हती. पाच मुलांच्या संसारात अशा खर्चासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, हे आपल्याकडील कोणत्याही निम्नमध्यमवर्गीय घराला सांगावे लागणार नाही. म्हणूनच ऑर पतिपत्नींना दोष देणे अनुचित ठरेल. त्यांच्यासमोर दुसरा मार्गच नव्हता. व्यावसायिक हॉकी खेळावयाची तर कोणत्या ना कोणत्या संघाच्या फॉर्मवर सही करणे अपरिहार्य होते. प्रश्न पालकांच्या हेतूचा नसून चौदा वर्षांच्या मुलाच्या सर्व भावी श्रमांचा एकदाच आणि एकाच ग्राहकाशी होणाऱ्या सौद्याचा होता.

ओशावा : घर आणि संघ यांमधील अंतर :

बॉस्टनने ऑरला ओशावा जनरल्स या आपल्या ज्युनिअर संघात घातले. आईने मुलाला एवढ्या लहान वयात घराबाहेर ठेवण्यास नकार दिला. अखेर तडजोड अशी झाली की, १९६२-६३ च्या हंगामात बॉबीने घरीच राहावे, गावातील शाळेत जावे आणि केवळ सामन्यांसाठी प्रवास करावा. पॅरी साउंड ते टोरांटो हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. हिवाळ्यातील रस्त्यावरून कुटुंबीय अथवा स्नेही त्याला मोटारीने घेऊन जात आणि सामना संपल्यावर रात्री परत आणीत. संघासोबत सराव न करताही, आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या खेळाडूंविरुद्ध तो त्या हंगामात खेळला.

पुढील हंगामात तो ओशावाला राहावयास गेला. तेथे संघाने नेमून दिलेल्या यजमान कुटुंबात त्याची व्यवस्था झाली. आजही कॅनडातील ज्युनिअर खेळाडू अशाच यजमान कुटुंबांत राहतात. अनेक खेळाडूंनी या कुटुंबांविषयी आयुष्यभर कृतज्ञता बाळगली आहे. तथापि, शालेय वयातील मुलाचा दिनक्रम सामने, प्रवास आणि सराव यांभोवती बांधला गेल्यानंतर शिक्षण दुय्यम ठरते, हेही तितकेच खरे आहे. ऑर यांचे क्रीडाकर्तृत्व मात्र वर्षागणिक चढते राहिले. १९६५-६६ च्या हंगामात बचावपटू असूनही त्यांनी ३८ गोल केले आणि ५६ गोलांना साहाय्य केले. ओशावा संघ त्या वर्षी ऑन्टारिओचा विजेता ठरला. मात्र राष्ट्रीय ज्युनिअर अजिंक्यपदाच्या मेमोरियल चषकाच्या अंतिम फेरीत एडमंटनकडून पराभूत झाला. दुखापतग्रस्त ऑर त्या मालिकेत पूर्ण क्षमतेने खेळू शकले नाहीत.

प्रतिनिधीचा उदय :

१९६६ मध्ये ऑर अठरा वर्षांचे झाले आणि लीगमध्ये खेळण्यास पात्र ठरले. या टप्प्यावर त्यांची कथा पूर्वीच्या सर्व खेळाडूंपेक्षा वेगळी होते. डग ऑर यांची टोरांटोचे तरुण वकील ॲलन ईगलसन यांच्याशी ओळख झाली होती. त्यांनी मुलाच्या वतीने संघाशी बोलणी करण्याचे काम ईगलसन यांच्याकडे सोपविले. बॉस्टनचे व्यवस्थापक हॅप एम्स यांना हा प्रकार मुळीच रुचला नाही. खेळाडूने वकील आणावा ही कल्पनाच तेव्हाच्या व्यवस्थापकांना उद्धटपणाची वाटे. परंतु ईगलसन यांच्या हाती एक प्रभावी अस्त्र होते. ऑर यांनी करार न करता कॅनडाच्या राष्ट्रीय हौशी संघात जाण्याचा पर्याय त्यांनी खुला ठेवला. 'सी फॉर्म'मुळे ऑर दुसऱ्या व्यावसायिक संघात जाऊ शकत नव्हते. परंतु व्यावसायिक हॉकी न खेळण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. अखेर बॉस्टनने आपल्या मूळ प्रस्तावाच्या कित्येक पट रक्कम मान्य केली. नवोदित खेळाडूला मिळालेले ते लीगच्या इतिहासातील तोपर्यंतचे सर्वाधिक वेतन मानले जाते.

ऑक्टोबर १९६६ मध्ये ऑर यांनी डेट्रॉइटविरुद्ध लीगमधील पहिला सामना खेळला. त्या हंगामाच्या अखेरीस ते सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले. पुढे १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षे सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक त्यांनी मिळविला. १९७० व १९७२ मध्ये बॉस्टनने स्टॅन्ले चषक जिंकला आणि दोन्ही वेळा निर्णायक गोल ऑर यांचा होता. १९७०-७१ मधील त्यांचे १३९ गुण हा बचावपटूसाठीचा विक्रम आजही अबाधित आहे.

ऑर यांच्या कराराचा परिणाम मैदानाबाहेरही झाला. त्यातून ईगलसन यांचे नाव खेळाडूंमध्ये पसरले. १९६६-६७ मध्ये स्प्रिंगफील्ड या दुय्यम संघातील खेळाडूंनी मालक एडी शोअर यांच्या जुलमी कारभाराविरुद्ध काम थांबविले, तेव्हा त्यांची बाजूही ईगलसन यांनी मांडली. १९६७ मध्ये लीगच्या खेळाडूंची संघटना स्थापन होऊन ईगलसन तिचे कार्यकारी संचालक झाले. लिंडसे यांना दहा वर्षांपूर्वी जे साधले नव्हते, ते आता साध्य झाले.

ड्राफ्ट पद्धती : अधिकाराचे हस्तांतरण :

याच काळात मुलांच्या निवडीची पद्धतीही बदलत होती. ५ जून १९६३ रोजी माँट्रियलमधील एका हॉटेलात लीगचा पहिला हौशी ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे संघांनी ठरावीक क्रमाने एकेका नवोदित खेळाडूचे नाव उच्चारून त्याच्यावरील हक्क मिळविण्याची पद्धती. पहिल्या ड्राफ्टमध्ये केवळ २१ मुलांची निवड झाली आणि त्यांपैकी पाचच जणांना पुढे लीगमध्ये खेळण्याची संधी मिळाली. याचे कारण उघड होते. गुणवान मुले आधीच प्रायोजन पद्धतीत बांधली गेली होती आणि उरलेल्यांतूनच निवड करावयाची होती. १९६७ मध्ये लीगचा विस्तार सहा संघांवरून बारा संघांपर्यंत झाला. नव्या संघांना खेळाडू मिळणे आवश्यक असल्याने ज्युनिअर संघांचे थेट प्रायोजन संपुष्टात आणले गेले. १९६९ पर्यंत प्रायोजनातून उरलेले हक्क निकालात निघाले आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये ८४ खेळाडूंची निवड झाली.

हा बदल प्रागतिक होता यात शंका नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या घरी फॉर्म घेऊन जाणे आता थांबले. त्याच वर्षी कॅनडा सरकारने नेमलेल्या क्रीडाविषयक कृती दलाने व्यावसायिक लीगच्या वर्चस्वाविषयी चिंता व्यक्त केली. १९७२ मध्ये ब्रूस किड व जॉन मॅकफार्लेन यांनी आपल्या 'द डेथ ऑफ हॉकी' या ग्रंथात याच वर्चस्वावर कठोर टीका केली. परंतु ड्राफ्टने खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य दिले, असे म्हणणे इतिहासाशी सुसंगत ठरणार नाही. पूर्वी निदान चौदा वर्षांच्या मुलाचे कुटुंब कोणत्या संघाच्या फॉर्मवर सही करावयाची हे ठरवू शकत होते. ऑर कुटुंबाने बॉस्टनची निवड केली होती. ड्राफ्टमध्ये मात्र खेळाडूला विचारलेच जात नाही. त्याचे नाव ज्या संघाने उच्चारले त्याच संघाशी त्याला बोलणी करावी लागतात.

या चौकटीला पहिला मोठा धक्का न्यायालयातून बसला. १९७२ मध्ये सामने सुरू केलेल्या वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगने अल्पवयीन खेळाडूंना करारबद्ध करण्यास प्रारंभ केला. १९७३ मध्ये गॉर्डी होव यांची मार्क व मार्टी ही मुले तिच्या ह्यूस्टन संघात दाखल झाली. तथापि, पुढे या लीगनेही वीस वर्षांची वयोमर्यादा लागू केली, तेव्हा केन लिन्समन या कॅनेडियन युवकाने तिला अमेरिकेतील संघीय न्यायालयात आव्हान दिले. १९७७ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने आदेश दिला. सज्ञान तरुणाला केवळ वयाच्या कारणाने काम नाकारणे स्पर्धाविषयक कायद्याच्या विरुद्ध आहे, हा त्यामागील आशय होता. १९७८ मध्ये वेन ग्रेट्झ्की यांनी सतराव्या वर्षी याच लीगमधून व्यावसायिक जीवनास प्रारंभ केला. १९७९ मध्ये जुन्या लीगने ड्राफ्टचे वय एकोणीस केले आणि १९८० मध्ये ते अठरावर आणले.

यशोगाथेबाहेरील वाट :

ऑर यांच्या उदाहरणावरून सर्व मुलांची परिस्थिती सारखीच होती असा समज होऊ नये. फ्रेड सासाकामूस यांचा जन्म १९३३ मध्ये सस्कॅचेवान प्रांतातील क्री या आदिवासी समाजात झाला. लहानपणीच त्यांना आईवडिलांपासून दूर डक लेक येथील निवासी शाळेत नेण्यात आले. कॅनडातील आदिवासी मुलांची भाषा व संस्कृती पुसून टाकण्याच्या धोरणाचा या शाळा भाग होत्या आणि तेथे त्यांच्यावर अत्याचार झाले. त्याच शाळेत ते हॉकी शिकले. ज्युनिअर संघासाठीही त्यांना पुन्हा घरापासून दूर जावे लागले. १९५३-५४ मध्ये ते शिकागोकडून लीगमध्ये ११ सामने खेळले. लीगमध्ये पोहोचणाऱ्या आरंभीच्या आदिवासी खेळाडूंत त्यांची गणना होते. पुढे त्यांनी आपले आयुष्य आदिवासी मुलांच्या क्रीडाविकासासाठी वेचले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. पॅरी साउंडच्या आईला आपला मुलगा एक वर्ष घरी ठेवून घेण्याचा आग्रह धरता आला. सासाकामूस यांच्या आईला तसे विचारण्यातही आले नव्हते. मुलाच्या भवितव्यावरील अधिकाराचा प्रश्न वर्ग व वंश यांच्या संदर्भात तपासावा लागतो, तो यासाठी.

ऑर यांचा उत्तरकाळ :

ऑर यांच्या कथेचा उत्तरार्ध या लेखाच्या गृहीतकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डाव्या गुडघ्याच्या वारंवार झालेल्या शस्त्रक्रियांनी त्यांची कारकीर्द अकाली संपत आली. १९७६ मध्ये ते बॉस्टन सोडून शिकागोकडे गेले. त्या वेळी बॉस्टनने संघाच्या मालकीतील १८.५ टक्के हिस्सा देऊ केला होता. ऑर यांच्या म्हणण्यानुसार, ईगलसन यांनी ही गोष्ट त्यांना कधी सांगितलीच नाही. शिकागोकडून त्यांना केवळ २६ सामने खेळता आले. न खेळता वेतन घेणे योग्य नव्हे असे मानून त्यांनी तेथील वेतनाचे धनादेश वटविले नाहीत. १९७८ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते आणि ते कर्जबाजारी होण्याच्या स्थितीत होते. १९७९ मध्ये प्रतीक्षेचा नियम शिथिल करून त्यांचा हॉकीच्या सन्मान सभागृहात समावेश करण्यात आला. १९८० मध्ये त्यांनी ईगलसन यांच्याशी संबंध तोडले.

पुढे पत्रकार रस कॉनवे यांनी ईगलसन यांच्या व्यवहारांचा चिकाटीने शोध घेतला. जानेवारी १९९८ मध्ये ईगलसन यांनी अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांतील न्यायालयांत फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि त्यांना अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. हे गुन्हे प्रामुख्याने खेळाडूंच्या संघटनेच्या व आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या पैशांशी संबंधित होते. ज्या माणसाने संघमालकांच्या एकतर्फी सत्तेला पहिले खिंडार पाडले, त्यानेच खेळाडूंच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला. ऑर स्वतः १९९०च्या दशकात तरुण खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून काम करू लागले. ज्या जागी आपली फसवणूक झाली, त्याच जागी बसून त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांचे हित पाहण्याचे ठरविले, ही बाब उल्लेखनीय आहे.

१९८० नंतरची स्थिती :

ड्राफ्टचे वय ठरले तरी त्यापूर्वीच्या ज्युनिअर वयोगटातील प्रश्न संपले नाहीत. १९९६ मध्ये शेल्डन केनेडी या खेळाडूने ज्युनिअर संघातील आपल्या प्रशिक्षकाने केलेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार उघड केली. १९९७ मध्ये त्या प्रशिक्षकाला कारावास झाला. घरापासून दूर, एकाच व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून असलेला मुलगा किती असुरक्षित असतो, याची जाणीव कॅनडाच्या समाजाला या घटनेने करून दिली. २०१४ मध्ये ज्युनिअर खेळाडूंनी किमान वेतनासाठी न्यायालयात सामुदायिक दावा दाखल केला. ज्युनिअर खेळाडू हा विद्यार्थी की कामगार, हा त्यातील मूळ प्रश्न होता. त्यानंतर अनेक प्रांतांनी कायद्यात दुरुस्ती करून या खेळाडूंना किमान वेतनाच्या तरतुदींतून वगळले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने कॅनडाच्या प्रमुख ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्यांना ऑगस्ट २०२५ पासून महाविद्यालयीन संघांत प्रवेश देण्याचे ठरविले. त्यामुळे शिक्षण आणि हॉकी यांपैकी एकाचीच निवड सोळाव्या वर्षी करण्याची सक्ती बऱ्याच अंशी सैल झाली.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्रायोजन पद्धतीत अल्पवयीन मुलाच्या भावी श्रमांवर संघाचा एकाधिकार निर्माण होत असे आणि पालकांची सही त्याला वैधता देत असे. या सहीमागे संमतीपेक्षा पर्यायाचा अभाव अधिक होता.
२) ड्राफ्ट पद्धतीने बालवयातील करार थांबविले, परंतु संघ निवडण्याचा हक्क कुटुंबाकडून काढून लीगच्या सामूहिक व्यवस्थेकडे दिला.
३) प्रतिनिधी व संघटना यांच्या उदयाने वेतनात मोठी वाढ झाली. तथापि, प्रतिनिधीवर खेळाडूचे नियंत्रण नसल्यास तोही नवा मालक होऊ शकतो, हे ऑर व ईगलसन यांच्या संबंधांवरून स्पष्ट होते.
४) खेळाडूच्या हक्कात खरी वाढ मालकांच्या उदारतेने झाली नाही. ती प्रतिस्पर्धी लीग, न्यायालयीन निर्णय, शोधपत्रकारिता आणि केनेडी यांच्यासारख्यांच्या धैर्यामुळे झाली.

अशा प्रकारे प्रस्तुत लेखातील गृहीतक मुख्यतः सिद्ध होते. आपल्या महाविद्यालयांत खेळाडू विद्यार्थ्याची नोंद पदकांच्या यादीत होते; त्याने कोणत्या कागदावर सही केली आणि ती करताना त्याच्या शेजारी कोण बसले होते, याची नोंद आपण ठेवीत नाही. क्रीडा इतिहास हा विक्रमांचा इतिहास आहे तितकाच तो श्रमाचा, करारांचा आणि बालकांच्या हक्कांचाही इतिहास आहे. पॅरी साउंड येथील घराच्या गिलाव्याची हकीकत स्टॅन्ले चषकाच्या हकिकतीइतकीच महत्त्वाची मानली, तरच तो इतिहास पूर्ण होईल.